काचेच्या टाकीतले घोळक्याचे छोटे मासे: आधी पाणी तयार करा, मग मासे आणा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पोरीनं हट्ट धरला म्हणून तालुक्याच्या गावातून दोन फुटी काचेची टाकी आणली. सोबत रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं आणि निळी-लाल पट्टी असलेले १० निऑन टेट्रा मासे. संध्याकाळी बोअरच्या पाण्यानं टाकी भरली, लाईट लावली आणि लगेच मासे सोडले. सगळी आळी बघायला आली. तिसऱ्या दिवशी २ मासे तरंगताना दिसले. सहाव्या दिवशी एकच उरला. तोही झाडामागं लपून बसायचा. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

दुकानदार म्हणाला, हवामान मानवलं नाही. आई म्हणाली, नजर लागली. मी मात्र बरेच दिवस माहिती गोळा केली, मासे पाळणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं, तेव्हा कळलं की चूक माशांची नव्हती आणि नजरेचीही नव्हती. रान तयार नसताना पेरणी केली तर जे होतं तेच आमच्या टाकीत झालं होतं. आपल्या भागात आता बऱ्याच घरांत, दुकानांत, दवाखान्यांत अशा टाक्या दिसतात आणि बहुतेकांचा पहिला अनुभव आमच्यासारखाच असतो. म्हणून ही सगळी माहिती एका जागी देतोय. टाकी घ्यायचा विचार असेल तर आधी वाचा. घेतली असेल तरी वाचा.

घोळक्याचे मासे म्हणजे काय

काही मासे एकटे राहतात, काही जोडीनं राहतात आणि काही कायम घोळक्यात राहतात. टेट्रा, रासबोरा, डॅनिओ, छोटे बार्ब हे घोळक्याचे मासे. निसर्गात त्यांना खाणारे पुष्कळ असतात. घोळक्यात असले की मोठ्या माशाला नेमका एक हेरता येत नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते. तिच्यातून त्याला पाण्याची हालचाल कळते, त्यामुळं सगळे एकदम वळतात. बघायला जी मजा येते ती याचीच.

म्हणून असे मासे २ किंवा ३ आणू नका. एका जातीचे कमीत कमी ६, जमलं तर ८ ते १० आणा. संख्या कमी असली की ते घाबरून लपतात, खात नाहीत, रंग फिका पडतो, नाहीतर एकमेकांचे पर कुरतडतात. 'पाच रंगाचे पाच मासे द्या' असं दुकानात सांगणं म्हणजे पाच गावचे पाच अनोळखी लोक एका खोलीत कोंडणं.

आपल्या पाण्याला कोणते मासे सोसतात

गोम इथंच आहे. निऑन टेट्रा हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला. त्याच्या ओढ्यांचं पाणी झाडांच्या पानांनी चहासारखं तपकिरी, एकदम मऊ आणि किंचित आंबट असतं. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. भांड्यावर पांढरा थर बसवणारं. दुकानात मिळणारे निऑन बहुतेक शेतीत पैदास केलेले असतात, त्यामुळं थोडंफार सोसतात, पण नवख्याच्या नव्या टाकीत आणि जड पाण्यात त्यांचा निभाव लागणं अवघड.

सुरुवातीला हे मासे बघा:

झेब्रा डॅनिओ: अंगावर निळ्या-सोनेरी आडव्या रेघा, लांबी ४ ते ५ सेंटिमीटर. हा आपल्याच देशातला मासा आहे. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत सापडतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२ च्या पुस्तकात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी हाच मासा पाळतात. जड पाणी सोसतो, थंडी सोसतो, स्वस्त मिळतो. दिवसभर पळत असतो आणि उड्याही मारतो, म्हणून टाकीला झाकण पाहिजे.

चेरी बार्ब: मूळ श्रीलंकेतला. नर लालभडक, मादी फिकट. स्वभावानं एकदम गरीब. झाडं जास्त असली की खुलतो.

एक्स-रे टेट्रा: अंग काचेसारखं, आतला काटा दिसतो. परांवर पिवळा, काळा, पांढरा पट्टा. टेट्रांमध्ये जड पाणी सोसणारा हाच चांगला.

काळा विडो टेट्रा: चिवट आहे, पण लांब शेपटीच्या माशांचे पर कुरतडतो. गप्पी किंवा फायटरसोबत ठेवू नका.

हार्लेक्विन रासबोरा: तांबूस अंगावर काळा त्रिकोण. दिसायला देखणा. त्याला पाणी थोडं मऊ लागतं. सहा-आठ महिने टाकी नीट चालल्यावर आणा. निऑन टेट्राही तेव्हाच.

या छोट्या माशांसोबत गोल्डफिश, एंजल, टायगर बार्ब, ऑस्कर ठेवू नका. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. टायगर बार्ब खोड्या काढतो. गोल्डफिश घाण फार करतो आणि त्याला थंड पाणी लागतं. दुकानात 'शार्क' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा पंगस असतो. तोच जो मत्स्यतळ्यात पाळून बाजारात किलोवर विकतात. बोटाएवढा असतो तेव्हा गोंडस दिसतो, पण तो काही काचेच्या टाकीत मावणारा मासा नाही.

टाकी केवढी आणि ठेवायची कुठं

गोल काचेचं भांडं अजिबात नको. त्यात पाणी कमी, फिल्टर बसत नाही आणि पळायला जागा नाही. कमीत कमी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकी घ्या. हिच्यात काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खाली वाळू, वर थोडी जागा सोडली की ४५ लिटर धरा. एवढ्या टाकीत ८ माशांपासून सुरुवात करा आणि शेवटी १४-१५ छोट्या माशांवर थांबा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच, वाळू धरून ही टाकी ७०-८० किलोच्या घरात जाते. म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर, डुगडुगत्या टेबलावर ठेवू नका. सपाट, मजबूत जागा बघा आणि काचेखाली थर्माकोलचा पातळ तुकडा टाका. भरलेली टाकी कधी उचलू नका, तळाची काच तडकते.

खिडकीतून थेट ऊन येतं तिथं टाकी नको. पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. पत्र्याच्या खोलीपेक्षा स्लॅबची किंवा जुन्या जाड भिंतीची खोली बरी. चुलीचा धूर जातो तिथंही नको.

पाणी: टीसीएल, बोअर आणि जार

ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी येत असेल तर त्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. आपल्यासाठी ती गरजेची आहे, पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. असं पाणी रुंद तोंडाच्या टपात किंवा बादलीत २४ तास उघडं ठेवा. हवेचा पंप लावून ठेवला तर आणखी चांगलं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, ते मापात टाका. टाकी धुतल्यावर पंचायत पावडर जास्त सोडते, त्या दिवसाचं पाणी वापरू नका.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण खोलवरून आल्यामुळं त्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर उघडं ठेवा, मगच वापरा.

पाणी किती जड आहे याचा अंदाज टीडीएस मीटरनं येतो. गावातल्या आरओ प्लँटवाल्याकडं तो असतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. झेब्रा डॅनिओ, एक्स-रे टेट्रा ५०० च्या आसपास आरामात राहतात. तुमच्या बोअरचा आकडा हजाराच्या वर असेल तर अर्धं बोअरचं आणि अर्धं जारचं पाणी मिसळा. नुसतं जारचं आरओ पाणी मात्र टाकू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, मासे आणि झाडं दोघांनाही ते मानवत नाही. सगळ्यात स्वस्त चांगलं पाणी पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, मग स्वच्छ स्लॅबवरचं पाणी साठवा.

टाकी मुरवणं: हे चुकलं की सगळं चुकलं

आता मुख्य गोष्ट. शेतकऱ्याला ही पटकन कळेल.

आपण रानात युरिया टाकतो. तो पीक जसाच्या तसा सगळा घेत नाही. जमिनीत त्याचा आधी अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पीक नत्र घेतं ते बरंचसं या नायट्रेटच्या रूपात. काचेच्या टाकीतही हेच चक्र चालतं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो. अमोनिया माशाला विष आहे. नायट्राइटही विष आहे. नायट्रेट थोडं असेल तर चालतं.

रानात हे जिवाणू आधीपासून असतात. नव्या काचेच्या टाकीत ते नसतात. ते फिल्टरच्या स्पंजात, वाळूत हळूहळू वाढतात आणि त्यांना पुरेसं वाढायला ३ ते ६ आठवडे लागतात. आमच्या टाकीत पहिल्या दिवशी १० मासे गेले, अमोनिया साठत गेला, खाणारं कुणी नव्हतं. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ होतं, पण मासे त्यात गुदमरत होते.

त्यात आपल्या पाण्याची आणखी एक भानगड आहे. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास १० पट होतो. बोअरचं पाणी बहुतेक ७ च्या वरच असतं. म्हणून मऊ पाण्याच्या गावात एखाद्याची चूक खपून जाते, ती आपल्याकडं खपत नाही.

टाकी मुरवायची रीत अशी:

१. वाळू, झाडं, पाणी भरून फिल्टर चालू करा. स्पंज फिल्टर आणि हवेचा छोटा पंप एवढं पुरेसं आहे. तो रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे.

२. मासे न टाकता रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल.

३. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज किंवा मूठभर वाळू ओलीच आणा आणि आपल्या टाकीत ठेवा. दह्याला विरजण लावतो तसंच हे. दिवस बरेच वाचतात.

४. तीन आठवड्यांनंतर थेंबाच्या टेस्ट किटनं पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसलं की टाकी तयार झाली. किट नसेल तर एखाद्या मासे पाळणाऱ्याकडून तपासून घ्या.

५. मग पाणी थोडं बदलून आधी ६ ते ८ मासे सोडा. दुसरा घोळका महिन्यानं.

मधल्या काळात पाणी दुधट होतं, काचेवर तपकिरी थर येतो. घाबरू नका आणि टाकी रिकामी करून धुऊ नका. धुतली की पुन्हा पहिल्यापासून.

वाळू आणि झाडं

प्लास्टिकच्या झाडांपेक्षा जिवंत झाडं लावा. ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढून घेतात आणि माशांना आडोसा देतात. आडोसा असला की घोळका उलट जास्त बाहेर फिरतो, कारण पळायला जागा आहे हे त्याला ठाऊक असतं.

तळाला नदीची बारीक खडी किंवा जाड वाळू चालते. पाणी स्वच्छ येईपर्यंत १०-१२ वेळा धुवा. वाळूत चुनखडी आहे का बघायला थोड्या खड्यांवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर ते खडे नकोत, पाणी आणखी जड होईल. शंख-शिंपलेही त्याच कारणानं नको. रानातली काळी माती टाकू नका.

सोपी झाडं: वॅलिस्नेरिया म्हणजे लांब पट्टीसारखी पानं, हिला जड पाणी मानवतं. हायड्रिला तर आपल्या कालव्यांत, तलावांत माजलेली असते. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधा, त्यांचा जाड कंद वाळूत पुरला तर कुजतो. जावा मॉस कुठंही वाढतं.

कालव्यातून झाडं आणली तर एकदम टाकीत टाकू नका. त्यावर गोगलगायीची अंडी असतात आणि शेजारच्या रानातलं कीटकनाशकही असू शकतं. आठवडाभर बादलीत ठेवा, रोज पाणी बदला, मग लावा.

एक धोक्याची सूचना. घरात १९:१९:१९ किंवा युरिया पडलेलाच असतो, चिमूटभर झाडांना टाकू असं वाटतं. टाकू नका. त्यातला अमोनिया सरळ माशांना जातो. माशांची घाण हेच या झाडांचं खत आहे.

लाईट रोज ६ ते ८ तास पुरे. रात्रभर शोभेसाठी चालू ठेवली तर शेवाळ वाढतं आणि माशांना विसावा मिळत नाही.

मासे आणायचा दिवस

दुकानात टाकीसमोर ५ मिनिटं नुसतं उभं राहा. एकाही माशाच्या अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके, चिकटलेले पर किंवा पाण्याच्या वर येऊन धापा टाकणं दिसलं तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका. पोट खपाटीला गेलेले नकोत.

गाडीवरून आणताना पिशवी कापडात गुंडाळून अंधारात ठेवा, मासे शांत राहतात. उन्हाळ्यात दुपारी आणू नका. घरी आल्यावर पिशवी बंदच टाकीत १५-२० मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर ५ मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी त्यात घाला. अर्ध्या तासानं जाळीनं मासे उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, रोग त्यातूनच येतो. त्या दिवशी लाईट बंद ठेवा, खायला देऊ नका.

दुसऱ्या वेळी मासे आणाल तेव्हा दोन आठवडे वेगळ्या टपात ठेवून बघा. नवी शेळी आणली की आपण लगेच कळपात सोडत नाही, तसंच.

खायला किती द्यायचं

मासे भुकेनं क्वचित मरतात, जास्त खाद्यानं कायम मरतात. या माशांचं तोंड मोहरीएवढं. खाद्य चुरगाळून बारीक करा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. दिवसातून एकदा पुरे, फार तर दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपवास. भात, चपाती, मुरमुरे, फरसाण काही नको.

घरात मुलं आणि पाहुणे असतात, प्रत्येकजण प्रेमानं चिमूट टाकतो. यावर उपाय म्हणजे खाद्याची डबी एकाच माणसाच्या ताब्यात. आमच्याकडं ती पोरीकडं आहे. आजीलाही परवानगी नाही.

आठवड्याचं काम

आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदला. ४५ लिटरला १० लिटर, म्हणजे एक छोटी बादली. पातळ पाईपनं तळाची घाण ओढून काढा आणि तेवढंच मुरवलेलं पाणी हळूहळू भरा. सगळं पाणी कधीच बदलू नका.

फिल्टरचा स्पंज नळाखाली, साबणानं धुऊ नका. टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळा, बस. नळाखाली धुतला की क्लोरीननं जिवाणू मरतात आणि आठवड्यात मासे मरायला लागतात.

बाष्पीभवनानं पाणी कमी होतं तेव्हा बोअरचं पाणी ओतत राहू नका. पाणी उडून जातं पण क्षार मागं राहतात. जास्त पाणी देऊन रान क्षारपड होतं तसं टाकीचंही होतं. कमी झालेलं पाणी जारच्या किंवा पावसाच्या पाण्यानं भरा. काढलेलं जुनं पाणी परसातल्या झाडांना घाला. आमची कढीपत्त्याची फांदी बघून शेजारी विचारतात काय घालता.

उन्हाळा आणि लाईट गेल्यावर

हे मासे २२ ते २७ अंशांत खूश असतात. झेब्रा त्याहून थंड पाण्यातही राहतो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४० च्या वर पारा गेला की टाकी ३२-३३ ला जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागं ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर समजा की दम लागलाय.

अशा वेळी झाकण काढून बारीक जाळी बांधा आणि पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. माठात पाणी गार होतं त्याच न्यायानं २-३ अंश उतरतात. हवेचा पंप वाढवा. खाद्य कमी करा. बर्फ थेट टाकू नका. अगदीच गरज पडली तर पाणी गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा, पण तापमान हळूहळूच उतरलं पाहिजे.

लाईट गेली की फिल्टर बंद. मासे कमी असले तर तीन-चार तास काही होत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावा, किंवा दर अर्ध्या तासानं मग भरून पाणी वरून ओता, म्हणजे हवा मिसळते. लाईट नसताना खायला देऊ नका. फिल्टर बराच वेळ, समजा रात्रभर बंद राहिला असेल तर स्पंज टाकीच्या काढलेल्या पाण्यात पिळून मगच चालू करा. आतले जिवाणू गुदमरून सडलेले असतात, ती घाण टाकीत जाते.

शेतकऱ्याच्या घरातला खास धोका

शहरातल्या माणसाला हा धोका कुणी सांगत नाही, कारण त्याला तो कमी. जनावरांच्या गोचिडाला आपण लावतो ते सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन माशांना अतिशय विषारी आहे. माणसाला, जनावराला ज्या मात्रेनं काही होत नाही, त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मासे मरतात. फवारणी करून आलात, गाईला औषध लावलंत, तर आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नका. फवारणीची बादली, मग, पाईप टाकीसाठी चुकूनही नको. टाकीची बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर रंगानं खूण करा.

डासांची लिक्विड मशीन आणि कॉइलही त्याच घराण्यातल्या औषधांची असतात. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणून टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

मासे नकोसे झाले तर

बदली होते, मुलं शिकायला बाहेर जातात, हौस संपते. मग 'जीव आहे, मोकळा सोडू' म्हणून लोक मासे विहिरीत, ओढ्यात, तलावात सोडतात. हे पुण्य नाही, उपद्रव आहे. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा काळा खरखरीत सकर मासा असाच सोडला गेला आणि आज उजनीसारख्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात भाव नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. नद्या झाकून टाकणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, सुंदर फुलं म्हणून शोभेसाठी जगभर नेलेली.

म्हणून मासे परत दुकानदाराला द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. झाडं ओढ्यात टाकू नका, उन्हात वाळवून उकिरड्यावर टाका. डासांसाठी गप्पी मासे लागत असतील तर आरोग्य विभागाला विचारा. घरच्या टाकीतले मासे त्यासाठी सोडू नका.

शेवटी

आमच्या टाकीत आता ८ झेब्रा आणि ६ चेरी बार्ब आहेत. संक्रांतीला रिकामी टाकी मुरवायला घेतली आणि शिवजयंती झाल्यावर मासे आणले. मधले पाच आठवडे पोरगी रोज विचारायची, 'अप्पा, नुसतं पाणी किती दिवस बघायचं?' मी म्हणायचो, वाफसा आल्याशिवाय पेरत नाही बाळा. उन्हाळा गेला, दोनदा रात्रभर लाईट गेली, तरी एकही मासा गेला नाही. पहिल्या वेळचा तो उरलेला एकटा निऑन मात्र वाचला नाही. त्याचा घोळकाच आम्ही आधी मारला होता.

टाकी घ्यायची तर घ्या. फक्त टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणू नका.